अकरा माणसांचं बटण

फोनताईचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. बाकी कुठे ते कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. लिफ्टदुरुस्तीच्या एका छोट्या कंपनीत बावीस वर्षं ती फोन घ्यायची, म्हणून फोनताई. घ्यायची म्हणजे नुसता उचलायची नव्हे. कुठली लिफ्ट दमट हवेत तिसऱ्या मजल्यावर रुसते, कुठला दरवाजा लागताना दात खातो, कुठला रखवालदार तक्रार सांगताना तिखटमीठ लावतो आणि कुठला घराला आग लागली तरी ‘जरा गरम वाटतंय’ म्हणेल, हे सगळं तिला तोंडपाठ. समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला की तेवढ्यात तिने निम्मा बिघाड ओळखलेला असायचा. उरलेला निम्मा मेकॅनिकने ओळखायचा, अशी त्यांची वाटणी होती.

कंपनी म्हणायची ती आपली रीत म्हणून. अकरा मेकॅनिक, एक मालक आणि एक फोनताई. दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि फोन. मागच्या खोलीत पोलादी दोरांची भेंडोळी, ग्रीसचे डबे आणि चहाची किटली. ही किटली आपण एकटेच धुतो असं तेराही जणांचं ठाम मत होतं, आणि किटलीच्या आतला रंग बघता ती कुणीच धूत नव्हतं हे उघड होतं.

मालक मूळचा मेकॅनिकच. लिफ्टच्या तळाशी, सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. बिघाड तिथला असेल तर मेन स्विच बंद करून माणसाला त्यात उतरावं लागतं. फार वर्षांपूर्वी मालक असाच एका खड्ड्यात उतरला, वरून कुणी तरी दरवाजा लावून घेतला आणि रखवालदार आपला जेवायला निघून गेला. घोटाभर पाण्यात मालक पाच तास उभा होता. शेवटी जिना झाडणाऱ्या बाईला खालून शिव्या ऐकू आल्या म्हणून तो सुटला. तसाच ओल्या पायांनी ऑफिसात आला आणि म्हणाला, “माणूस कुठे उतरलाय हे जगात एका तरी माणसाला माहीत पाहिजे.” दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. खड्ड्यात उतरण्याआधी फोनताईला फोन करायचा: “उतरतो.” बाहेर आल्यावर पुन्हा करायचा: “वर आलो.” बस्स. ना अर्ज, ना सही, ना शिक्का.

ताईच्या टेबलामागे एक फळी होती. तिला खिळ्यांच्या दोन रांगा आणि पत्र्याचे अकरा बिल्ले. माणूस उतरला की त्याचा बिल्ला खालच्या खिळ्यावर, वर आला की वरच्या. खालच्या रांगेत एक जरी बिल्ला लटकत असला तरी ताई खुर्ची सोडायची नाही. मग घरी पाहुणे येवोत की आभाळ कोसळो. आणि फोन आधी मेकॅनिकने ठेवायचा, तिने नाही. तेही ठरलेलं होतं. वर आलेल्या माणसाला आणखी काही सांगायचं असलं तर मध्येच तोडलं असं व्हायला नको.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा तिचा तास. एकामागून एक आवाज येत. एक जण ‘आलो वर’ असं उलटं बोलायचा आणि बावीस वर्षं टोकूनही सुलटला नाही. एक जण आधी खाऊन घ्यायचा आणि मग तोंडात घास ठेवून फोन करायचा, त्याबद्दल रोज बोलणी खायचा. एकाला बोलायचंच जिवावर यायचं. तो नुसता खाकरायचा. आणि ताडमाड. सव्वासहा फूट उंचीचा हा माणूस खड्ड्यात चौघडी घालूनच मावायचा. सरळ उभा राहिल्यावर आधी पाठीला हात लावून ‘हाऽ’ करायचा आणि मग म्हणायचा, “वर आलो, ताई.” ताई म्हणायची, “हं.” एवढंच बोलणं. पण त्या ‘हं’साठी अकरा जण आपापल्या इमारतीच्या पायरीवर फोन कानाला लावून उभे राहत, आणि ताईलाही तो दिवसाचा शेवटचा ‘हं’ म्हटल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नसे.

मग संगणकाचं युग आलं, असं सगळे म्हणायला लागले. मालक एका शुक्रवारी कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आला आणि शनिवारी सकाळी म्हणाला, “आपणही करू.” सोमवारी दोन गल्ल्या सोडून राहणारा, टक्कल पडत चाललेला एक संगणकवाला ताईच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. कागदपत्रं काही नव्हतीच. तो विचारायचा, “हे असं का करता?” ती सांगायची. तो लिहायचा. पाचव्या दिवशी ॲप मेकॅनिकांच्या फोनवर गेलं आणि पाचव्या दिवशीच शिमगा झाला. बटण बारीक आहे, ग्रीसने माखलेल्या अंगठ्याला सापडत नाही, अशी ओरड दुपारी झाली. चहाच्या वेळेपर्यंत बटण दुप्पट झालं. ताडमाड म्हणाला, हातमोजा घातला की काच ऐकत नाही. तर दुसऱ्या दिवशी फोनच्या बाजूची आवाजाची कळ दाबली तरी चालेल असं झालं. उलटं बोलणाऱ्याने बटणावर ‘आलो वर’ असं लिहून मागितलं. त्याच्यापुरतं तसं लिहून दिलं.

एकच गोष्ट संगणकवाल्याच्या पचनी पडेना. ताई म्हणाली, बटण दाबलं की माझा फोन वाजला पाहिजे आणि माणूस बोलला पाहिजे.

“अहो ताई, बटण दाबलं म्हणजे तो वर आला. पडद्यावर दिसेलच की. पुन्हा बोलायचं कशाला?”

“मला ऐकायचंय.”

“काय ऐकायचंय?”

“वर आलाय ते.”

संगणकवाल्याने मालकाकडे पाहिलं. मालक किटलीतून चहा ओतत होता. तो म्हणाला, “ताई म्हणते ना? मग कर.” आणि झालं. एकोणिसाव्या दिवशी सगळं सुरळीत सुरू होतं. ताईने फळीवरचे बिल्ले काढले, एका डब्यात भरले आणि फळीसकट घरी नेले. स्वयंपाकघरात तिने ती फळी लावली. तिचा नवरा, म्हणजे निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, फळीच्या खिळ्यांवर किल्ल्या आणि पिशव्या अडकवायला लागले.

याच एकोणीस दिवसांनी घात केला. चार हजार माणसांची एक मोठी लिफ्टकंपनी होती. तिथे चार वर्षं डिजिटल परिवर्तनाचे नुसते आराखडे निघत होते आणि बिघाडाची नोंद अजून तीन प्रतींत, कार्बन लावून होत होती. तिथल्या मोठ्या साहेबाच्या कानावर आलं की तेरा माणसांच्या एका दुकानाने तीन आठवड्यांच्या आत सगळं उरकलंय. साहेब जातीने बघायला आले. ताईच्या खुर्चीत बसले, बटण दाबून पाहिलं, फोन वाजल्यावर दचकले आणि हसले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी कंपनीच विकत घेतली. मालकाचे गुडघे गेले होते. तो म्हणाला, “मी थकलो, ताई. पण साहेबांनी शब्द दिलाय. तुझं बटण सगळ्या शाखांत जाणार. चार हजार माणसांना तुझा नियम.”

ताईला त्या दिवशी इतका आनंद झाला की तिने किटली घासली.

मोठ्या कंपनीत तिला सहाव्या मजल्यावर परिवर्तन विभागात टेबल मिळालं. खिडकी मिळाली, फिरती खुर्ची मिळाली. फोनही मिळाला, पण तो वाजायचा नाही. तिचं जुनं ॲप ‘तूर्त थांबवलं’ गेलं, कारण मोठ्या कंपनीच्या सिस्टिममध्ये ते बसत नव्हतं आणि मोठ्या कंपनीची सिस्टिम अजून यायची होती. मेकॅनिकांच्या हाती नवे फोन आले. तक्रार असो, निरोप असो, सगळं मध्यवर्ती मदतकक्षाच्या एका नंबरावर.

पहिले तीन आठवडे अकराच्या अकरा जण तिलाच फोन करत राहिले. हात वळायचा तिकडे. मग परिपत्रक निघालं, कामाच्या वेळेत खासगी फोन करू नयेत. ताडमाडला ताकीद मिळाली: एका महिन्यात सत्तेचाळीस खासगी फोन, सगळे एकाच नंबरावर, सगळे दहा सेकंदांच्या आतले. लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल ते तोच जाणे. ताईने एकेकाला सांगितलं, “करू नका रे. थोडा दम धरा. बटण येतंच आहे.” त्यांनी ऐकलं. तिचं त्यांनी कधी ऐकलं नाही असं झालंच नव्हतं.

बटणासाठी पहिल्याच महिन्यात तिच्याकडे एक फॉर्म आला. विभागाच्या मॅडमनी तो समजावून दिला. मॅडम वयाने तिच्याहून पुष्कळ लहान, पण माणूस म्हणून सरळ. ताईला ताईच म्हणायच्या. फॉर्म अकरा पानी होता. सातव्या पानावर रकाना होता: ‘या सुविधेची गरज काय? एका वाक्यात लिहा.’

ताई त्या रकान्यासमोर दुपारभर बसली. ‘मला ऐकायचंय’ असं तिने पेन्सिलीने लिहिलं. मग ते वाक्य नऊ विभागांचे नऊ प्रमुख वाचतील, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिचे कान तापले. तिने खोडलं आणि पेनाने लिहिलं: ‘कर्मचारी खड्ड्यातून सुखरूप बाहेर आल्याची नोंद राहावी.’ मॅडमना ते फार आवडलं. “अगदी नेमकं लिहिलंत, ताई.”

घरी आल्यावर तिने मास्तरांना हे सांगितलं. मास्तर गवारीच्या शेंगा मोडत होते. ते म्हणाले, “म्हणजे ताकाला गेलीस आणि भांडं लपवलंस.”

“मग काय लिहू? ऐकायचंय म्हणून लिहू? हसतील मला.”

“हसले असते. आणि मग दिलं असतं किंवा नसतं दिलं. आता जे देतील ते तू न मागितलेलं असेल.”

“तुम्ही शेंगा मोडा,” ताई म्हणाली.

त्यानंतरची सहा वर्षं सांगायची म्हणजे भिजत घोंगडं पिळत बसण्यासारखं आहे. सुरक्षा विभाग म्हणाला, चांगलं आहे, पण कायदा विभागाला विचारा. कायदा विभाग म्हणाला, बटण दाबलं नाही आणि कुणी लक्ष दिलं नाही तर कंपनी अडकेल. त्यापेक्षा बटणच नको. कामगार संघटना म्हणाली, माणूस कुठे आहे यावर ही पाळत आहे. संगणक विभाग म्हणाला, नवीन सिस्टिम येईपर्यंत थांबा. नवीन सिस्टिम आली, तेव्हा कळलं की अडतीस शाखांपैकी नऊ शाखा बिघाडाला बिघाड न म्हणता भेट म्हणतात. तो वाद मिटायला चौदा महिने लागले. मग मोठे साहेब बदलले. नव्या साहेबांनी परिवर्तनाचंच परिवर्तन करायचं ठरवलं आणि फॉर्म एकवीस पानी झाला.

ताई सगळ्या बैठकांना जायची. वहीत लिहून घ्यायची. तिच्यासारखी चिकाटी कुणात नाही, असं सगळे कौतुकाने म्हणत. कौतुक करायला कुणाची मंजुरी लागत नव्हती. संध्याकाळी साडेपाचला बाकीचे पिशव्या उचलत, तेव्हा ताईचा हात आपोआप फोनकडे जायचा. ती तो उचलून कानाला लावायची, चालू आहे ना बघायची आणि ठेवायची. आत्ता साडेपाच वाजलेत. आत्ता तो खाकरत असेल. आत्ता तो घास गिळत असेल. वर आलेत का ते? कुणाला सांगत असतील? हे प्रश्न घेऊनच ती दररोज घरी जायची.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी तिला सगळ्यात मोठ्या शाखेचा मदतकक्ष दाखवायला नेलं. केवढं मोठं दालन. साठ माणसं, साठ कानांवर साठ हेडफोन, भिंतीवर मोठ्या पडद्यावर आकडे बदलत होते. ताईने जवळच्या बाईला विचारलं, “आत्ता खड्ड्यात किती जण आहेत?”

“कुठल्या खड्ड्यात?” त्या बाईने विचारलं. बिचारीला खरंच माहीत नव्हतं.

परत येताना ताईने गाडीत हिशेब केला. या एका शाखेत साडेतीनशे मेकॅनिक. प्रत्येक जण दिवसातून दोनदा-तीनदा उतरणार. म्हणजे नुसतं ‘वर आलो’ म्हणायचं ठरवलं तरी दिवसाला हजार वेळा. कोण ऐकणार? आणि ऐकलं तरी त्या आवाजाला ओळखणार कोण? घरात पाच माणसं जेवायला असली आणि आमटीत मीठ कमी पडलं तर हाक मारून सांगता येतं. चार हजार जेवायला असले तर मिठाचाही कागद लागतो, आणि तो कागद काढणारा माणूस मूर्ख असतो असं नाही. हे तिला पटलं. तिला फार वाईट वाटलं, कारण तोवर निदान कुणावर तरी रागावता येत होतं.

मास्तर म्हणाले, “मग सोडून दे की नाद.”

“नोंद तरी राहील ना. कुणी घोटाभर पाण्यात पाच तास उभा तरी राहणार नाही.”

“आणि तुझं ऐकायचं?”

ती उठली, फळीवरची पिशवी घेतली आणि भाजी आणायला गेली.

पाचव्या वर्षी दुसऱ्या एका शाखेत एक मेकॅनिक चार तास खड्ड्यात अडकला. सुखरूप निघाला, पण बातमी वरपर्यंत पोचली. मालकाच्या वेळी नियम दुसऱ्या दिवशी आला होता. इथे अकरा महिन्यांत आला, आणि मॅडम म्हणाल्या की हा कंपनीतला विक्रम आहे. धूळ झटकून ताईचा जुना फॉर्म काढला गेला, सातव्या पानावरचं वाक्य उचललं गेलं आणि त्याबरहुकूम बटण तयार झालं. माणूस उतरला की नावापुढे लाल खूण. वर आला की हिरवी. आवाज नाही, फोन नाही. दीड तासाहून जास्त वेळ लाल राहिली तर पर्यवेक्षकाला संदेश, त्याने नाही पाहिला तर शाखाप्रमुखाला. अगदी काटेकोर काम. ताईने पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा ती म्हणाली, “छान आहे.” आणि खरोखर छान होतं; तिने लिहून दिलं होतं तसंच्या तसं होतं.

चाचणीसाठी शाखा निवडली गेली ती ताईच्याच जुन्या ऑफिसची. अकरांपैकी दोघे निवृत्त झाले होते. नऊ उरले होते. अट साधी होती. एका दिवसात नऊ जण उतरतील, नऊ जण वर येतील आणि साडेसहापर्यंत नऊच्या नऊ खुणा हिरव्या दिसल्या तर बटण अडतीस शाखांत जाईल. एक जरी चुकली तरी समिती पुन्हा पुढच्या वर्षी बसेल. पुढच्या वर्षी ताई नसणार होती. तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

तो मंगळवार होता. सहाव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत समिती बसली. भिंतीवर पडदा. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर वही. दुपारी तीननंतर एकेक नाव लाल होत गेलं आणि तासाभराने एकेक हिरवं. चार वाजून दहा मिनिटांनी उलटं बोलणारा हिरवा झाला. पाचला खाकरणारा. पाच वीसला घासवाला; घास गिळून दाबलं की आधीच, ते कळायला मार्ग नव्हता. ताई प्रत्येक हिरव्या खुणेला मान हलवत होती. तोंडातल्या तोंडात एकदा ‘हं’सुद्धा म्हणाली, तर शेजारचा माणूस वळून बघायला लागला. समितीतल्या कुणीतरी म्हटलं, “किती शांतपणे होतंय सगळं!” ताईला वाटलं, तेच तर.

पावणेसहाला आठ हिरव्या झाल्या. नववी लालच होती. ताडमाड.

सहा वाजले. लाल. सहा दहाला पर्यवेक्षकाला संदेश गेल्याचं पडद्यावर दिसलं. पर्यवेक्षक चाचणीच्याच दुसऱ्या एका बैठकीत बसला होता आणि त्याने फोन बंद ठेवला होता. शाखाप्रमुखाला संदेश जायला आणखी पंधरा मिनिटं होती. समितीतले एक गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले, “सिग्नल नसेल. ही अडचण आपण मागेच नोंदवली होती.” दुसऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं.

ताईला ते काही ऐकू येत नव्हतं. तिला घोटाभर पाणी दिसत होतं आणि त्यात चौघडी घालून बसलेला सव्वासहा फुटांचा माणूस. वय झालंय त्याचं. पाठ धरते. ती उठली, कुणाला काही न विचारता बाहेर व्हरांड्यात गेली आणि स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. सहा वर्षांत तिने तो एकदाही लावला नव्हता, आणि तरी बोटांना तो शोधावा लागला नाही.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

“ताई?”

“कुठे आहेस तू?”

“पायरीवर बसलोय. इमारतीच्या.”

“पायरीवर? वर कधी आलास?”

“झाला की पाऊण तास.”

“पाऊण तास!” ताईचा आवाज व्हरांडाभर गेला. “मेल्या, इथे माझा जीव टांगणीला लागलाय. सबंध समिती बसलीय तिथे पडद्याकडे डोळे लावून. बटण का नाही दाबलंस? बिघडलंय का?”

“नाही. बटण मस्त आहे.”

“मग?”

तिकडून एक गाडी गेल्याचा आवाज आला.

“दाबलं असतं,” ताडमाड म्हणाला, “तर तुम्ही फोन केला असता का?”

ताईने भिंतीला हात टेकला. काचेच्या दारातून मॅडम बाहेर आल्या. “ताई, कळलं का काही? सहा मिनिटं राहिलीत. तो ठीक आहे ना?” ताईने हात वर करून ‘ठीक आहे’ अशी खूण केली, आणि त्याच हाताने ‘थांबा’ अशीही. मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या गुपचूप आत गेल्या.

“ऐक,” ताई म्हणाली. “हे बटण चार हजार माणसांसाठी आहे. कुणावर तरी कुठे तरी खड्ड्याचं दार लागणार आहे आणि त्याला तुझ्या-माझ्याशी काही देणंघेणं नाही. दाब आता.”

“हो. चुकलंच माझं. दाबतो.”

“आणि उद्यापासून रोज वेळेवर दाबायचं. असला आचरटपणा पुन्हा नाही.”

“नाही करणार, ताई.”

त्याने शब्द दिला म्हणजे तो पाळणार, हे तिला माहीत होतं. म्हणजे उद्यापासून हिरवी खूण येणार, रोज, वेळेवर, आणि फोन करायला कारण उरणार नाही. आज, आत्ता, हे शेवटचं.

“थांब,” ती म्हणाली. “दाबू नकोस. आधी म्हण.”

“काय म्हणू?”

“म्हण म्हटलं ना.”

तो उठून उभा राहिल्याचं तिला ऐकू आलं. पाठीला हात लावल्याचं दिसलं नाही, पण तो ‘हाऽ’ अगदी कानाशी आला, पूर्वीपेक्षा जरा लांब.

“वर आलो, ताई.”

“हं,” ताई म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता दाब.”

काचेपलीकडे नववी खूण हिरवी झाली. सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं. खोलीत टाळ्या वाजल्या, कुणी मॅडमचा हात हातात घेतला, कुणी ताईची रिकामी खुर्ची बघून तिला शोधायला लागलं. ती व्हरांड्यातच होती, फोन कानाशी धरून. फोन आधी कुणी ठेवायचा हे ठरलेलं होतं. वर आलेल्या माणसाने ठेवायचा. ताडमाडने तो ठेवला नाही, आणि ताईनेही त्याला ठेव म्हटलं नाही.